गंधक काढल्यानंतरचा प्रश्न



रसायनशास्त्राची परिषद जालन्यात भरते आहे आणि तिचे कामकाज मराठीतून चालते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. अध्यक्षपदाचा मान दिल्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

या गावाने संशोधनाचे बाजारपेठेशी नाते जोडून दाखवले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेले ‘पुसा सावनी’ हे भेंडीचे वाण बद्रीनारायण बारवाले यांनी इथल्या शेतात घेतले, त्याचे बियाणे केले, आणि १९६४ मध्ये ‘महिको’ उभी केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. वाण दिल्लीचे होते, पण ते शेतकऱ्याच्या हातात नेण्याची रीत जालन्याची होती. २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुलही इथे आहे. आज ज्या विषयावर मी बोलणार आहे त्यात नेमकी शेतकऱ्यापर्यंत नेण्याच्या या रीतीची उणीव आहे. प्रयोगशाळेत वाण भरपूर तयार झाले, शेतापर्यंत कुणी गेले नाही. विषय आहे सेंद्रिय गंधक संयुगांच्या ऑक्सिडीकरणासाठी वापरले जाणारे आयनिक द्रव उत्प्रेरक.

सुरुवात डिझेलपासून करतो, कारण ते आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशात डिझेलमध्ये टक्काभर, म्हणजे दशलक्ष भागांत दहा हजार भाग गंधकाला मुभा होती. भारत स्टेज चार १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले तेव्हा ही मर्यादा ५० भागांवर आली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहामध्ये ती १० भागांवर आली. बदनापूर-अंबडच्या शिवारात ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या एका लिटर डिझेलमध्ये आज जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास गंधक असते. देशाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांनी केलेले हे फार मोठे काम आहे आणि त्याची पुरेशी दखल आपण घेतली नाही, असे मला वाटते.

हे काम झाले हायड्रोजनच्या बळावर. कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून तीनशे ते चारशे अंश तापमानाला, वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली, तेल आणि हायड्रोजन सोडले जातात. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडते आणि त्यापासून पुन्हा मूलद्रव्य गंधक मिळते. साधे सल्फाइड आणि थायोल या प्रक्रियेत चटकन तुटतात. खरी अडचण डायबेंझोथायोफीनच्या घराण्यात आहे. त्यातही ४,६-डायमिथाइलडायबेंझोथायोफीन हा रेणू सगळ्यांत चिवट. त्याच्या गंधकाच्या दोन्ही अंगांना मिथाइल गट आहेत. मोंढ्यातल्या गोदामाच्या दाराशी दोन्हीकडे पोती रचून ठेवली तर हमालाला आत शिरता येत नाही, तशी उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाची गत होते. गंधकापर्यंत तो पोचतच नाही. म्हणून शेवटच्या काही भागांसाठी तापमान, दाब आणि हायड्रोजन हे तिन्ही वाढवावे लागतात आणि खर्चही त्यांच्याबरोबर चढतो.

ऑक्सिडीकरणाची वाट इथे वेगळी पडते. ऑक्सिजन देणारा पदार्थ गंधकाकडे येतो तो त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोडीसाठी. गंधकावर इलेक्ट्रॉनांची घनता जितकी जास्त, तितकी ही अभिक्रिया सोपी. मिथाइल गट इलेक्ट्रॉन देतात. त्यामुळे हायड्रोजनच्या प्रक्रियेत जो रेणू सगळ्यांत हट्टी, तोच ऑक्सिडीकरणात, उत्प्रेरकाने वाट अडवली नाही तर, सगळ्यांत लवकर वश होतो. उलट साधे थायोफीन सौम्य परिस्थितीत जवळजवळ हलत नाही. आधी सल्फॉक्साइड होते, मग सल्फोन. सल्फोन ध्रुवीय असते, त्याला तेलात राहायला आवडत नाही, आणि ते ध्रुवीय द्रावकात खेचून घेता येते. तापमान साठ-सत्तर अंश पुरते, दाब वातावरणाचा, आणि हायड्रोजनचा कारखाना लागत नाही. लहान उद्योगाच्या दृष्टीने या गोष्टींचे मोल किती आहे ते इथल्या उद्योजकांना सांगायला नको.

या रेणूंशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना माहीत नसतो, म्हणून थोडा थांबून सांगतो. बाळ दत्तात्रेय टिळक विदर्भातल्या कारंज्याचे. ऑक्सफर्डला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे संशोधन करून ते परतले, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या विद्यापीठ रसायन तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आज ज्या संस्थेचे संकुल जालन्यात आहे तिच्याच पूर्वरूपात, त्यांनी थायोफीन आणि थायापायरान यांच्या संश्लेषणावर शोधनिबंधांची मालिकाच लिहिली. ज्या बेंझोथायोफीन-वर्गीय रेणूंना डिझेलमधून काढण्यासाठी आज जगभर धडपड चालली आहे, ते कसे रचावेत हे ते शिकवत होते. पुढे १९६६ ते १९७८ ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. निवृत्तीनंतर त्यांनी विज्ञान ग्रामीण भागाच्या उपयोगी आणण्यासाठी ‘कास्टफोर्ड’ ही संस्था पुण्यात काढली. अत्यंत सूक्ष्म संश्लेषण आणि खेड्याच्या गरजा एकाच माणसाच्या आयुष्यात सुखाने नांदल्या. संशोधन एकतर मूलभूत असते नाहीतर उपयोगी, असे जे आपल्याकडे बोलले जाते ते मला म्हणूनच पटत नाही.

पुण्याच्याच प्रयोगशाळेतून १९९२ मध्ये आणखी एक महत्त्वाचे काम प्रसिद्ध झाले. टायटॅनियम सिलिकेटच्या सच्छिद्र स्फटिकांवर हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून सल्फाइडांचे सल्फॉक्साइड आणि सल्फोन करता येतात, हे तिथल्या संशोधकांनी दाखवले. हायड्रोजन पेरॉक्साइड हा ऑक्सिडीकारक मला स्वतःला फार प्रिय आहे, कारण काम झाल्यावर त्याचे पाणी उरते. मात्र यांतल्या टीएस-१ या स्फटिकाची छिद्रे अर्धा नॅनोमीटरच्या जरा वर आहेत. लहान सल्फाइड त्यात शिरतात. डायबेंझोथायोफीन शिरत नाही. मोठ्या रेणूसाठी छिद्र नसलेला उत्प्रेरक हवा होता, आणि आयनिक द्रव इथे पुढे आले.

आयनिक द्रव म्हणजे कमी तापमानाला वितळलेले मीठ. स्वयंपाकाचे मीठ ८०१ अंशांना वितळते. रीगाच्या पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये नोंदवलेले इथिलअमोनियम नायट्रेट १२ अंशांनाच वितळते. धन आयन मोठा आणि बेढब असेल तर स्फटिकात नीट बसत नाही, म्हणून मीठ द्रव राहते. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवा आणि पाणी यांत टिकणारे इमिडॅझोलियमचे आयनिक द्रव केले आणि मग या क्षेत्राला पूर आला. या द्रवांचे बाष्प जवळपास होत नाही, आयन बदलला की गुणधर्म बदलतात, आणि यांतले अनेक तेलात मिसळत नाहीत. तेल वर राहते, आयनिक द्रव खाली.

डिझेलमधले गंधक नुसत्या निष्कर्षणाने आयनिक द्रवात ओढता येते, हे जर्मन संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. पण नुसते ओढून भागत नाही, कारण डायबेंझोथायोफीन दोन्ही थरांत वाटून राहते आणि तोल साधला की थांबते. २००३ मध्ये तैवानच्या संशोधकांनी त्याच भांड्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ॲसेटिक आम्ल घातले. खालच्या थरात आलेल्या रेणूचे तिथेच सल्फोन झाले, सल्फोन खालीच राहिले, तोल पुन्हा ढळला, आणि वरून नवा रेणू खाली आला. निष्कर्षण आणि अभिक्रिया एकमेकांना पुढे ढकलतात. या पद्धतीचे सगळे सौंदर्य या एका गोष्टीत आहे.

त्यानंतर आयनिक द्रवालाच उत्प्रेरक करण्याचे प्रयत्न झाले. धन आयनाला आम्लधर्मी शेपूट जोडले, किंवा हायड्रोजन सल्फेटचा ऋण आयन घेतला, की पेरॉक्साइड जागे करायला वेगळे आम्ल लागत नाही. फॉस्फोटंगस्टेटसारखा मोठा ऋण आयन घेतला तर टंगस्टनवर पेरॉक्सो गट तयार होतो आणि तो ऑक्सिजन नेमका गंधकाला देतो. हाच द्रव सिलिकाच्या अंगावर पसरवून घन उत्प्रेरकासारखाही वापरतात. शोधनिबंधांत नव्याण्णव टक्के गंधक गेल्याचे आकडे सर्रास दिसतात.

मित्रहो, मला आज जे सांगायचे आहे ते या नव्याण्णव टक्क्यांनंतरचे आहे.

बहुतेक प्रयोग आदर्श तेलावर केलेले असतात. ऑक्टेन किंवा डोडेकेन घ्यायचे, त्यात मोजून डायबेंझोथायोफीन घालायचे, आणि तेच काढायचे. खऱ्या तेलात क्विनोलीन, इंडोल, कार्बाझोल अशी नायट्रोजनची संयुगे असतात. ती आयनिक द्रवात आधी शिरतात आणि आम्लधर्मी उत्प्रेरकाला बांधून टाकतात. ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनही खालच्या थरात उतरतात, म्हणजे गंधकाबरोबर चांगले इंधनही जाते. पेरॉक्साइडचा काही भाग गंधकाला न भेटताच फुटून वाया जातो. आदर्श तेलावरचा आकडा ही सुरुवात आहे. त्याला निष्कर्ष म्हणण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

आता हिशोब करू. एका टन तेलात एक टक्का गंधक आहे असे धरा. दहा किलो गंधक झाले. ते सगळे डायबेंझोथायोफीनच्या रूपात असेल तर त्या संयुगाचे वजन साडेसत्तावन्न किलो भरते, आणि त्याचे सल्फोन झाल्यावर साडेसदुसष्ट किलो. म्हणजे दहा किलो गंधक काढताना जवळपास अठ्ठेचाळीस किलो कार्बन-हायड्रोजनही तेलातून जातो. प्रत्येक गंधकाला पेरॉक्साइडचे दोन रेणू लागतात, म्हणून शुद्ध पेरॉक्साइड एकवीस किलो, तीस टक्क्यांचे घेतले तर सत्तर किलो, आणि तेही एक थेंब वाया गेला नाही तर. आयनिक द्रव तेलाच्या पाचव्या हिश्श्याएवढा घेण्याची पद्धत आहे, म्हणजे दोनशे किलो. दर फेरीला त्याचा हजारावा भाग जरी तेलाबरोबर गेला, तरी दोनशे ग्रॅम गेला. तो कुठे गेला, हे किती निबंधांत लिहिलेले असते?

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. तैवानच्या प्रयोगात जो हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचा आयनिक द्रव होता, त्याच्याविषयी त्याच २००३ सालात, ते काम ज्यात छापले होते त्याच ‘ग्रीन केमिस्ट्री’ या नियतकालिकात दुसरा निबंध आला. पाण्याच्या संपर्कात हा द्रव विघटित होऊन हायड्रोजन फ्लुओराइड देऊ शकतो, असे त्यात दाखवले होते. लांब साखळीचे इमिडॅझोलियम जलचरांना घातक ठरतात हेही आता पुरते स्पष्ट आहे. २०१८ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांना कचराभूमीजवळच्या मातीत ऑक्टिल-मिथाइल इमिडॅझोलियम सापडले आणि यकृताच्या एका चिवट आजाराशी त्याचा संबंध असू शकेल अशी शंका त्यांनी मांडली. बाष्प होत नाही म्हणून हवा स्वच्छ राहते, हे खरे. पण जे हवेत जात नाही ते पाण्यात जाऊ शकते. जालन्यात पाण्याविषयी बोलताना जपून बोलावे लागते. घाणेवाडीचा तलाव आणि कुंडलिका ज्यांनी पाहिली आहे, जायकवाडीहून पाणी आणताना या गावाने काय सोसले ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ‘हरित द्रावक’ हे लेबल आंधळेपणाने स्वीकारू नये. आणखी एक सूचना गांभीर्याने करतो. पेरॉक्साइड आणि तेल एकत्र तापवताना पेरॉक्साइड फुटले तर ऑक्सिजन तेलाच्या बाष्पात जमतो. तापमानावर काटेकोर नजर, पेरॉक्साइड थोडे थोडे घालणे आणि भांड्यात नायट्रोजन, या तीन गोष्टींशिवाय हा प्रयोग कुणीही मोठ्या प्रमाणावर करू नये.

मग ही वाट सोडून द्यायची का? मुळीच नाही. तिची जागा ओळखायची. मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजनची प्रक्रिया हटवून ही बसेल, असे मला वाटत नाही. तिथे हायड्रोजनची यंत्रणा उभी आहे आणि तिच्यातून विकता येणारे गंधक मिळते. आयनिक द्रव उद्योगात चालतच नाहीत असेही नाही. जर्मनीच्या ‘बीएएसएफ’ने या शतकाच्या सुरुवातीलाच मिथाइलइमिडॅझोल वापरून, अभिक्रियेतले आम्ल आयनिक द्रवाच्या रूपात वेगळे काढण्याची पद्धत कारखान्यात आणली. ती टिकली, कारण तिथे आयनिक द्रव परत मिळवणे हा प्रक्रियेचा पाया होता.

आपल्यासाठी मला दोन जागा दिसतात. पहिली औषधांची. वाळूज आणि पैठणच्या परिसरात औषधांचे कारखाने आहेत. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही आम्लपित्तावरची औषधे सल्फॉक्साइड आहेत. सल्फाइडवर एकच ऑक्सिजन बसवायचा आणि तिथेच थांबायचे. दुसरा बसला तर सल्फोन होते आणि ती अशुद्धी ठरते. कपाशीवर वापरले जाणारे फिप्रोनिल हे कीटकनाशकही सल्फॉक्साइडच, आणि तिथेही शेवटची पायरी हीच. शेळ्या-मेंढ्यांना जंतासाठी दिल्या जाणाऱ्या अल्बेंडाझोलचे जनावराच्या यकृतात सल्फॉक्साइड होते आणि मुख्यत्वे तेच काम करते. जिवंत पेशीही एका ऑक्सिजनवर थांबत नाही, पुढे सल्फोनही होते. आपल्या भांड्यात तिथे थांबणे साधण्यासाठी उत्प्रेरक, तापमान आणि पेरॉक्साइडचे माप यांवर ताबा लागतो. आयनिक द्रवात हा ताबा चांगला मिळतो आणि मालाची किंमत जास्त असल्याने द्रावकाचा खर्च पेलतो. कुष्ठरोगावरच्या डॅप्सोनचा जुना मार्ग आठवा: नायट्रो गट असलेल्या सल्फाइडचे सल्फोन करायला डायक्रोमेट वापरत, आणि मागे क्रोमियमचे सांडपाणी उरे. तो काळ मागे टाकायला पेरॉक्साइडइतका चांगला सोबती नाही.

दुसरी जागा जुन्या टायरांच्या तेलाची. टायर हवेशिवाय तापवून जे पायरोलिसिस तेल निघते ते कारखान्यांच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जाते. त्यात साधारण एक टक्का गंधक असते, आणि बेंझोथायोफीन, डायबेंझोथायोफीन, बेंझोथायाझोल अशा रूपांत असते. असे तेल काढणाऱ्या लहान उद्योगाला हायड्रोजनची यंत्रणा कधीच परवडणार नाही, आणि जाळल्यावर ते गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन आसपासच्या वस्तीच्या श्वासात जाते. जालना हे सळईचे गाव आहे. भट्टी, धूर आणि इंधनाचा दर इथल्या माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाहीत. हे तेल अवघड आहे. ॲरोमॅटिक संयुगे भरपूर, नायट्रोजन भरपूर. आदर्श तेलावर शोभणारी पद्धत इथे पहिल्याच दिवशी अडखळेल. पण म्हणूनच मला हा प्रश्न संशोधनाला योग्य वाटतो. इथे नव्याण्णव टक्क्यांची गरजही नाही. निम्मे गंधक कमी खर्चात आणि सुरक्षितपणे काढले तरी त्याचा उपयोग होईल.

अध्यापकांना माझे सांगणे असे, की पदव्युत्तर प्रकल्पात पुढचा नवा इमिडॅझोलियम करण्याआधी जुन्यांतला स्वस्त, फ्लुओरीन नसलेला, कोलीन किंवा पायरोलिडोनवर आधारलेला एक द्रव निवडा आणि त्याच्या मागे वर्षानुवर्षे लागा. खरे तेल घ्या. दहाव्या फेरीनंतर द्रवाचे वजन किती उरले ते लिहा. धुतलेल्या तेलात नायट्रोजन वाढला का ते पाहा, कारण तिथून गळती कळते. सल्फोन वेगळे केले का, आणि त्याचे पुढे काय केले, हे लिहिल्याशिवाय प्रबंध पूर्ण झाला असे मानू नका. प्रयोग फसला तर तेही छापा. फसलेल्या प्रयोगाची नीट नोंद पुढच्या विद्यार्थ्याचे एक वर्ष वाचवते. आणि हे मराठीतही लिहा, म्हणजे भट्टीवरच्या पर्यवेक्षकालाही ते वाचता येईल.

उद्योजकांना विनंती अशी, की आपल्या भट्टीत जाणाऱ्या तेलाचा एक पिंप जवळच्या महाविद्यालयाला द्या, त्याच्या गंधकाची तपासणी करून द्या, आणि कारखान्याच्या आवारात पन्नास लिटरच्या भांड्यासाठी जागा द्या. इथल्या संकुलातल्या रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्या भांड्याचा आराखडा करावा. ज्या महाविद्यालयाकडे उपकरणे नाहीत त्याने नमुने संकुलात आणावेत, आणि संकुलाने दार उघडे ठेवावे.

पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येक गटाने तीन आकडे सोबत आणावेत: खऱ्या तेलातले आधीचे आणि नंतरचे गंधक, दर फेरीला गमावलेला आयनिक द्रव, आणि निघालेल्या सल्फोनचा पत्ता. हे तीन आकडे ज्या निबंधात असतील, त्यांनाच चर्चासत्रात आधी वेळ द्यावा, असा ठराव आजच्या समारोपाच्या बैठकीत मांडण्याची मी आपल्याकडे परवानगी मागतो.